पडद्यावरून अंगावर, अंगावरून पडद्यावर

आपल्या बोलण्यात कपड्यांची आणि दागिन्यांची काही नावे इतकी रुळली आहेत की ती कुणावरून पडली हे लक्षातही येत नाही. गांधी टोपी आणि नेहरू शर्ट ही पुढाऱ्यांची नावे. साधना कट हे नटीचे नाव. जान्हवी मंगळसूत्र तर मालिकेतल्या पात्राच्या नावाचे, म्हणजे जी बाई कधी जन्मलीच नाही तिच्या नावाचे. गंमत अशी की गांधीजींनी स्वतः ती टोपी फार थोडा काळ घातली, पण खेड्यापाड्यांतल्या डोक्यांवर ती पिढ्यान् पिढ्या राहिली.

प्रसिद्ध माणसाला पाहून आपण कपडे का बदलतो, आणि बदललेल्यातले काय टिकते, हा या लेखाचा विषय आहे. गुंद आणि जोयडा तालुक्यात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना हा विषय दूरचा वाटू नये. आपला उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. एका हाताला गोवा, दुसऱ्या हाताला बेळगाव आणि धारवाड, खाली कारवार. मराठी नाटक, हिंदी सिनेमा आणि कन्नड सिनेमा या तिन्हींचे वारे आपल्या जंगलातल्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. आणि पुढे दिसेल की या गोष्टीतली काही मोठी माणसे आपल्याच मुलखातली आहेत.

रंगभूमीचा काळ

सिनेमा येण्याआधी ही जागा संगीत नाटकाची होती. संगीत नाटकाला घरोघरी पोहोचवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले. त्यांच्याच नाटक मंडळीत पुढे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, दाखल झाले. १९११ मधल्या 'मानापमान'ची भामिनी आणि १९१६ मधल्या 'स्वयंवर'ची रुक्मिणी या त्यांच्या भूमिका गाजल्या. १९१३ साली त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली.

बालगंधर्वांचे शालू, पैठण्या, दागिने आणि केसांतले गजरे यांवर मंडळीचा पैसा पाण्यासारखा खर्च होई. नाटक पाहून आलेल्या बायका पदर कसा घेतला होता, निऱ्या कशा होत्या, अंबाडा कुठे बांधला होता, हे ध्यानात ठेवून घरी तसे करून पाहत. एका पुरुषाला पाहून बायकांनी साडी नेसायला शिकावे, हे आज चमत्कारिक वाटते. त्याचे कारण त्या काळच्या राहणीत आहे. प्रतिष्ठित घरातली बाई चारचौघांत फारशी दिसत नसे. लग्नकार्य आणि हळदीकुंकू सोडले तर परक्या घरची बाई कशी बसते, कशी चालते, पदर कसा सावरते हे निवांत पाहण्याची सोय नव्हती. ती सोय तिकीट काढून नाटकगृहात झाली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे तिचा उपयोग आहे. बालगंधर्वांच्या अंगावरचे लुगडे हे खरे लुगडेच होते. बायका घरी जे नेसत, तेच वस्त्र अधिक भारी आणि अधिक नेटके करून ते रंगमंचावर आणत. त्यामुळे पाहिलेले घरी करून पाहणे शक्य होते.

सकच्छ की विकच्छ

पुढची मोठी घटना म्हणजे नऊवारीची पाचवारी होणे. कासोटा घालून नेसणे म्हणजे सकच्छ आणि कासोट्याशिवाय गोल नेसणे म्हणजे विकच्छ. यावर त्या काळी वाद झडत. जुन्या मंडळींना गोल साडी उच्छृंखल वाटे. आज तीच साडी सोज्वळपणाची खूण झाली आहे!

हा बदल एकट्या सिनेमाने केला नाही. मुलींचे शिक्षण, नोकरी, शहरातली राहणी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली कापडटंचाई ही सगळी कारणे त्यामागे होती. नऊ वारांऐवजी पाच वारांत भागत असेल तर घरखर्चालाही ते सोयीचे होते. सिनेमाने त्याला चेहरा दिला. प्रभातच्या १९३७ मधल्या 'कुंकू'त शांता आपट्यांनी रंगवलेली, अन्यायाला नकार देणारी नायिका पाहिल्यावर शिकलेल्या मुलींना धीर आला. पडद्यावरची बाई धीट आहे आणि तरीही घरंदाज आहे, हे पाहणे त्यांना गरजेचे होते.

पण पडद्यावर दिसलेले सगळेच उचलले गेले असे नाही. १९३८ साली मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि केवढी खळबळ उडाली. लोकांनी सिनेमा गर्दी करून पाहिला. तो पोशाख मात्र कुणी घरी आणला नाही. पाहण्याचे कपडे वेगळे आणि घालण्याचे वेगळे, हा हिशेब प्रेक्षक तेव्हापासून करत आला आहे.

याच काळात नट्यांची छायाचित्रे दुकानांच्या मालावर आली. लीला चिटणीस यांचा जन्म १९०९ साली धारवाडला झाला. 'कंगन', 'बंधन' या सिनेमांनी त्यांचे नाव देशभर झाले आणि १९४१ साली त्या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. या जाहिरातीत दिसलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. सिनेमा पाहायला शहरात जाणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत नटीचा चेहरा आता मासिकातून आणि वाण्याच्या दुकानातून पोहोचू लागला.

आपल्या जिल्ह्याची नायिका

जयश्री गडकर यांचा जन्म १९४२ साली कारवार तालुक्यात सदाशिवगडजवळच्या कणसगिरीचा. म्हणजे आपल्याच जिल्ह्याची लेक. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मध्ये त्या तमाशातल्या कलावंतिणीच्या रूपात आल्या आणि हा सिनेमा पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढे 'मानिनी' आणि 'साधी माणसं'मध्ये त्याच जयश्रीबाई डोक्यावर पदर घेतलेल्या सोशिक घरधनीण झाल्या.

म्हणजे एकाच नटीने नऊवारीची दोन रूपे लोकांच्या मनात ठसवली. एक ठसक्याचे, चोपून नेसलेले, घुंगरांबरोबरचे. दुसरे शेतावरचे, चुलीजवळचे. हे सिनेमे कृष्णधवल होते. लुगडे हिरवे होते की जांभळे, हे प्रेक्षकाला कळत नव्हते. कळत होती ती नेसण, काठाची रुंदी, चोळीची बाही आणि कपाळावरचे कुंकू. म्हणून त्या पिढीने उचलले ते आकार आणि ठेवण. रंगांची नक्कल करण्याचे दिवस रंगीत सिनेमाबरोबर आले.

त्या पडद्यावरच्या लुगड्यांमागचे कापडही बरेचसे कर्नाटकातले. आपण ज्याला इरकल म्हणतो ती साडी बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची. तिचा लाल टोपपदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि मागावरच फासे घालून तो अंगाच्या ताण्याला जोडला जातो. चोळीचा खण येतो त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. महाराष्ट्रातली बाई ज्या लुगड्याचोळीत अस्सल मराठी दिसते, ते कापड कानडी विणकराच्या हातचे आहे. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगायला नको, पण आपल्या मुलांना सांगायला हवे.

कोल्हापूरची भानू

१९६० नंतरच्या हिंदी सिनेमाने देशभर जे कपडे पसरवले, त्यांतले कितीतरी एका मराठी बाईच्या हातचे होते. भानू अथय्या यांचा जन्म १९२९ साली कोल्हापुरात झाला. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार. भानूबाईंनी १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून सिनेमासाठी कपडे करायला सुरुवात केली. 'गांधी' या सिनेमासाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

त्यांच्या दोन कामांचा परिणाम आपल्या घरांपर्यंत आला. १९६५ च्या 'वक्त'मध्ये साधनाला त्यांनी अंगाबरोबर बसणारी कमीज आणि चुडीदार घातली. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी ती उचलली. साधनाचे कपाळावर उतरलेले केस त्याआधीच, १९६० च्या 'लव्ह इन सिमला'पासून, गाजत होते. ती कल्पना हॉलिवुडच्या ऑड्री हेपबर्नवरून घेतलेली. तिकडून मुंबईत, मुंबईहून बेळगाव-हुबळीत आणि तिथून सुट्टीला आलेल्या एखाद्या मुलीबरोबर खेड्यात, असा तो साधना कट फिरला. तेल लावून घट्ट वेणी घालण्याच्या घरात त्यावरून किती बोलणी बसली असतील, ते आपल्या आज्यांना विचारावे.

दुसरे काम १९६८ च्या हिंदी 'ब्रह्मचारी'तले. मुमताजला नाचताना साडी सुटण्याची धास्ती नको म्हणून भानूबाईंनी निऱ्या आधीच शिवून केशरी साडी तयार केली. शिवलेली साडी ही नाचण्याची गरज होती. ती कल्पना पुढे कुठे जाऊन पोहोचली ते खाली येईलच.

शिंपी, टेरिकॉट आणि पाऊस

गुंदसारख्या गावात फॅशन आणणारा खरा माणूस सिनेमातला नट नव्हे, तर शिंपी. दांडेलीत कागद कारखाना उभा राहिला, बाजारपेठ वाढली, तसे कापड घेऊन शिवायला टाकणे सोपे झाले. शिंप्याच्या दुकानातल्या भिंतीवर राजेश खन्नाचे नाही तर अमिताभचे चित्र असायचे आणि गिऱ्हाईक बोट दाखवून सांगायचे, असे शिवा. 'आराधना'नंतर राजेश खन्नाचा गुरू शर्ट निघाला. पुढे बेलबॉटम आली आणि तिची मोहरी वर्षागणिक रुंद होत गेली.

'दीवार'मध्ये (१९७५) अमिताभने शर्टाला पुढे गाठ मारली होती. शर्ट शिवताना फार लांब झाला होता, म्हणून ऐनवेळी गाठ मारून वेळ निभावली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आणि देशभरातल्या तरुणांनी नीट मापाच्या शर्टांनाही गाठी मारल्या.

यात कापडाचा वाटा मोठा आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत टेरिलीन, टेरिकॉट आणि नायलॉन खेड्यांपर्यंत आले. सुती कापडाला खळ लागे, इस्त्री लागे, आणि आपल्याकडच्या पावसात ते चार चार दिवस वाळत नसे. टेरिकॉट रात्रीतून वाळे, त्याची घडी मोडत नसे, रंग उतरत नसे. बेलबॉटमची कडक धार सुती कापडात टिकलीच नसती. पडद्यावरचा कपडा गावात टिकायचा तर त्याला आपल्या हवेची, आपल्या खिशाची आणि आपल्या शिंप्याच्या कात्रीची परवानगी लागे. दादा कोंडक्यांचे 'सोंगाड्या' (१९७१) आणि नंतरचे सिनेमे लोकांनी डोक्यावर घेतले, पण त्यांच्या ढगळ चड्डीची लोंबती नाडी कुणी मिरवली नाही. ती हसण्यासाठी होती, आणि ती ज्यांच्या कपड्यांवरून घेतली होती ते लोक तेवढ्यात पँट शिवायला निघाले होते.

घरातल्या माणसांची परवानगीही लागे. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधली माधुरी दीक्षितची जांभळी साडी त्यानंतरच्या लग्नसराईत जिकडेतिकडे दिसली. रंग घेतला, खडे घेतले, पाठ मात्र बहुतेकींनी झाकून शिवून घेतली.

मालिकांचे दिवस

घरात दूरदर्शन संच आले तसा वेग वाढला. सिनेमा वर्षातून दोनदा, मालिका रोज. २००४ साली सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'मध्ये आदेश बांदेकर घरोघर जाऊन वहिनींना पैठणी देऊ लागले. येवल्याची पैठणी पूर्वी श्रीमंतांच्या पेटीतली वस्तू होती. रोज संध्याकाळी ती साध्या घरातल्या बाईच्या खांद्यावर पडताना दिसू लागली आणि पैठणी ही आपल्यालाही मिळावी अशी गोष्ट झाली. खऱ्या रेशमाची परवडत नाही त्यांच्यासाठी यंत्रमागावरची आली.

२०१३ च्या 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचे मंगळसूत्र सराफाकडे नाव सांगून मागितले जाऊ लागले. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर नथीला पुन्हा दिवस आले. ऐतिहासिक मालिकांच्या काळात चंद्रकोर टिकली मुलींच्या आणि चंद्रकोर गंध मुलांच्या कपाळी दिसू लागले. इरकल आणि खणही परतले. खणाची आता साडी होते, कुर्ता होतो, पिशवी होते.

उलटा प्रवास

हे सगळे पाहून आपली परंपरा परत आली असे म्हणावेसे वाटते. आनंद आहेच. इळकल आणि गुळेदगुड्डच्या मागांना काम मिळत असेल तर त्याहून चांगले काय? पण जरा थांबून पाहायला हवे की परत काय आले.

आज बाजारात मिळणारी नऊवारी बहुधा शिवलेली असते. पायजम्यासारखे पाय घालायचे, नाडी बांधायची, पाच मिनिटांत तयार. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी अशी तिची नावे आहेत. मुमताजच्या नाचासाठी निघालेली युक्ती अशी आपल्या आजीच्या लुगड्यापर्यंत आली. नथही दाबाची असते, कारण नाक टोचलेले नसते. २०१० च्या 'नटरंग'नंतर शाळांच्या स्नेहसंमेलनांत लावणीचे नाच वाढले, गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत फेटे आणि नऊवाऱ्या आल्या, आणि या सगळ्यासाठी शिवलेली नऊवारी सोयीची आहे. त्यात दोष कुणाचा नाही.

पण आजीच्या लुगड्याला ओचा होता. शेतातून येताना चार मिरच्या, रानातून येताना मूठभर फळे ओच्यातच येत. कासोटा होता म्हणून चिखलात लावणी करता येई, चढण चढता येई. निऱ्या जाड-बारीक करून तेच नऊ वार बाळंतपणात, म्हातारपणात, जाड आणि बारीक अंगाला पुरत. शिवलेल्या नऊवारीच्या ओच्यात काही ठेवता येत नाही. ती एकाच मापाची, एकाच संध्याकाळची असते.

बालगंधर्वांच्या काळात घरातले वस्त्र रंगमंचावर गेले आणि अधिक नेटके होऊन घरात परत आले. आपल्या काळात घरातले वस्त्र रंगमंचावर गेले आहे आणि घरात त्याची जागा रिकामी झाली आहे. जे रोज नेसले जात होते, ते आता वेशभूषा म्हणून घातले जाते. कपडे बदलणे वाईट नाही. आपल्या आयाबहिणींना कामावर, बसमध्ये, मोटरसायकलवर पंजाबी ड्रेस आणि गाऊन सोयीचे वाटतात, तर तसेच असावे. हरवते आहे ती नेसण्याची विद्या आणि तिचे शब्द.

याचे जवळचे उदाहरण कुणबी लुगड्याचे. गोव्यातल्या कुणबी बायका चौकड्यांचे, बहुधा लाल, आखूड लुगडे खांद्यावर गाठ मारून नेसत. भातशेतीत वाकून काम करायला इतके सुटसुटीत वस्त्र नाही. जोयड्यातल्या कुणबी समाजाचे मूळही गोव्यात सांगितले जाते. हे लुगडे मागे पडत पडत कुणबी नृत्याच्या मंचापुरते उरले. मग गोव्याचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास ते नव्या रूपात दिल्लीच्या फॅशन सोहळ्यात नेले आणि मोठ्या शहरांतल्या लोकांनी ते विकत घेतले. चौकडी वाचली ही चांगली गोष्ट. पण खांद्यावरची ती गाठ नेमकी कशी मारायची, हे ज्यांना हाताने येते त्या बायका आता वयाने थकल्या आहेत.

आपल्याला काय करता येईल

सभासद कुटुंबांना आमची विनंती साधी आहे. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे वर्ष, गाव आणि प्रसंग लिहून ठेवावा. अंगावरचे कापड कोणते, ते कुठून आणले, कुणी शिवले, हे सांगणारे माणूस आहे तोवर विचारून घ्यावे. सुपा धरणात ज्यांची जुनी घरे गेली, त्यांच्याकडे उरलेले फोटो अधिक मोलाचे आहेत. आजीला नऊवारी किंवा गाठीचे लुगडे येत असेल तर ती नेसताना मोबाईलवर चित्रण करावे आणि प्रत्येक पायरीला ती काय म्हणते ते तिच्याच बोलीत येऊ द्यावे. मराठी, कोकणी, कन्नड, जी असेल ती. ओचा, कासोटा, निऱ्या, टोपपदर, गोमी काठ हे शब्द आपल्या मुलांनी निदान एकदा ऐकलेले असावेत.

आणि मुलींना एकदा तरी न शिवलेले लुगडे नेसायला शिकवावे. पहिल्यांदा ते सुटेल, निऱ्या वाकड्या येतील, हसू होईल. बालगंधर्वांना पाहून आलेल्या बायकांचेही पहिल्या खेपेला असेच झाले असणार.